फेरी रद्द, कारण पाऊस

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालमीत जा, मारुती उभा असतो. खांद्यावर गदा, छाती पुढे, आत्ता उडी मारेल असा. आमच्या लोणारचा मोठा मारुती मात्र निजलेला आहे. अंबर तळ्याजवळच्या देवळात जवळजवळ नऊ फुटांची ही मूर्ती आडवी आहे आणि तिच्या दगडात लोहचुंबकाचा गुण आहे असं गावात मानतात. त्यामुळे आमच्याकडे व्यायामाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपला देवच झोपेल हाय, आपण काहून उठा?"

विनोद चांगला आहे, पण खरा नाही. पहाटे पाचला गावाबाहेरच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर येऊन बघा. अंधारात बुटांचे आवाज आधी येतात, माणसं नंतर दिसतात. ही भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. त्यात निम्मे गुण पडले तरच लेखी परीक्षेचा विचार. २०२४ साली राज्यात सतरा हजारांहून थोड्या जास्त जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. आमच्याकडे 'फिटनेस' हा शब्द आला तो या हिशोबातून. इथे सिक्स पॅक कुणाला नको असतात, सेकंद हवे असतात.

माझा या सगळ्याशी संबंध खुर्चीतून आला. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा आणि भरती निघाली की भरतीचे अर्ज. सकाळी दहा ते रात्री साडेआठ मी बसलेला असतो. समोर उभी असलेली पोरं काटक, चपळ आणि त्यांची उंची-छाती टाइप करणारा मी ३१ वर्षांचा, ८४ किलोचा.

२०२३ च्या उन्हाळ्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. साखर पंधरा वर्षांपासूनची. बूट चावल्याची साधी जखम, ती त्यांना कळलीच नाही, कारण पायाला कळणंच कमी झालं होतं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, बत्तीस वर्षं उभ्याने काढलेली. घरी आल्यावर त्यांनी पट्टीकडे बघून एवढंच म्हटलं, "एक सीट खाली झाली." आई हसली नाही. मीही नाही. पुढे नोव्हेंबरात मी माझं रक्त तपासून घेतलं. एचबीएवनसी ६.३. ही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, अजून दाराबाहेर आहात, आत जायचं की नाही ते बघा.

आता मजा अशी की हा रिपोर्ट यायच्या आधीच मी चालत होतो. अण्णांचं बोट गेल्यावर सप्टेंबरात फोनमध्ये पावलं मोजणारं एक अॅप घेतलं होतं. रोज दहा हजार पावलं झाली की पडद्यावर ज्योत पेटायची आणि सलग दिवसांचा आकडा वाढायचा. तेवीस दिवस झाले. मग सोयाबीनची सोंगणी आली. पाऊस येईल म्हणून घरचे सगळे शेतात. सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत सोंगणी, कवळे उचलणं, सुडी लावणं, वर ताडपत्री. फोन धुऱ्यावर, बाभळीला लटकवलेल्या पिशवीत. रात्री घरी येऊन बघतो तर ज्योत विझलेली. 'तुमची मालिका खंडित झाली. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.' वर्षातल्या सगळ्यात जास्त मेहनतीच्या दिवशी यंत्राने माझी नोंद २१२ पावलं अशी केली होती. मी ते अॅप काढून टाकलं.

ते दहा हजारही कुठून आले हे नंतर कळलं. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या एका घड्याळ कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा. विज्ञान नंतर आलं. आय-मिन ली या हार्वर्डच्या संशोधक. त्यांनी २०१९ साली सोळा हजारांहून जास्त वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. म्हणजे आपण ज्या आकड्यासाठी रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालतो, तो एका जाहिरातीचा वारस आहे.

मला मात्र आकड्यापेक्षा वेगळा प्रश्न पडला होता. अॅपला माझी अडचण नव्हती. मी चाललो काय, नाही काय, त्याचं काहीच अडत नव्हतं. इंग्रजीत ज्याला 'अकाउंटेबिलिटी' म्हणतात त्याला आपल्याकडे रोजचा शब्द आहे जबाबदारी. त्यात 'जबाब' आहे. जबाब द्यायचा तर विचारणारं कुणीतरी लागतं.

विचारणारं माणूस डिसेंबरात आलं. माझी चुलत बहीण, तेव्हा तेवीस वर्षांची, भरतीची तयारी करत होती. अभ्यास घरी होत होता, पण पळणार कुठे? मुलं पाचला एकटी निघतात. मुलीने पाचला एकटं निघायचं म्हटलं की घरात बैठक भरते. कुत्री, अंधार, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही ते सगळं. काकांनी अट घातली, सोबत कुणी असेल तरच. ती दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, तुले लवकर उठता येते का?"

पहिले आठ-दहा दिवस मी मोटारसायकलवर तिच्या मागे जायचो, पहिल्या गिअरमध्ये, हेडलाइट लावून. मग ती म्हणाली, "गाडीच्या आवाजानं माझी लय बिघडते. तू पायी ये. पळू नको, फक्त दिसत राहा."

'फक्त दिसत राहा.' त्या तीन शब्दांनी माझं काम बदललं. रस्त्यावर चुन्याच्या फक्कीने आम्ही ४०० मीटरच्या खुणा केल्या. ती जाऊन परत येणार म्हणजे ८००. ती टोकाकडे पळायची तेव्हा मी तिच्या मागे चालत राहायचो, म्हणजे वळल्यावर तिला मी दिसावा. ती वेगाने जायची, त्यामुळे मलाही पाय उचलावे लागायचे. चार फेऱ्या झाल्या की माझे अडीच-तीन किलोमीटर झालेले असायचे आणि ते मोजायचं मला सुचतही नसे. पाचचा गजर वाजला की मनात 'आज जाऊ की नको' हा वादच उभा राहत नव्हता. मी उठलो नाही तर तिचा दिवस जाणार होता. माझं ६.३ मला पांघरुणातून बाहेर काढू शकत नव्हतं, तिचे २० गुण काढत होते.

यालाही अभ्यासाचा आधार आहे. १९२० च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका नौकानयन क्लबच्या खेळाडूंवर प्रयोग केले. एकट्याने वजन उचलत राहायचं आणि मग जोडीने एकच दांडा धरून उचलायचं. जोडीत एकाने सोडलं की दुसऱ्यालाही थांबावं लागणार. तेव्हा दुबळा गडी एकटा असताना जितका टिकायचा त्याहून जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडेल ही जाणीव हातात ताकद आणते. बैलजोडी हाकणाऱ्याला हे सांगायला बर्लिनहून कुणी यावं लागत नाही, पण सिद्ध झालेलं बरं असतं.

याच्या उलट एक गोष्ट आपण सगळे करतो. स्टेटस ठेवतो. नव्या बुटांचा फोटो, 'डे १', खाली ज्वाळेची इमोजी. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की 'मला अमुक व्हायचंय' हा इरादा इतरांच्या नजरेत आला की माणसं त्यासाठी कमी काम करतात. कौतुक आधीच मिळतं, व्हायच्या आधीच झाल्यासारखं वाटतं. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांमध्ये हे मला स्पष्ट दिसतं. ज्यांच्या डीपीवर खाकी वर्दीचा एडिट केलेला फोटो असतो त्यांच्यातले बरेच मैदानापर्यंत जात नाहीत. जी निवडली जातात त्यांचा डीपी बहुतेक वेळा गाईचा किंवा शिवाजी महाराजांचा असतो. हे काही संशोधन नाही, खुर्चीतून दिसलेलं आहे. पण शंभर जणांना सांगणं आणि एकाला बांधील असणं यात फरक आहे, एवढं त्यातून कळतं. शंभर जण टाळ्या वाजवतात. एक जण दारात येऊन उभा राहतो.

रविवारी रस्ता नाही, विवर. लोणारचं विवर उल्का आदळून बेसाल्टमध्ये तयार झालेलं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तुम्ही फोटो पाहिले असतील. त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. बाहेरच्यांना ते वरून बघायचं ठिकाण वाटतं. आम्हाला ते उतरायचं आहे. काठापासून पाण्यापर्यंत सुमारे १३५ मीटरचा उतार, म्हणजे पंचेचाळीस मजले. अभयारण्य आहे, म्हणून उजाडल्यावर, वेळ पाळून जायचं. धारेकडून खाली, झाडीतून, मोरांच्या आवाजात, तळ्याकाठी कमळजा देवीपर्यंत.

व्यायामाचं असं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. डोंगर चढताना अर्ध्यावरून परत फिरता येतं, आणि परतीचा रस्ता सोपा असतो. ट्रेडमिलला लाल बटण असतं. विवरात सोपं आधी असतं. हसतखेळत खाली जाता, देवीसमोर बसता, पाण्याचा खारट उग्र वास येतो आणि मग वर बघता. आता वर येण्यावाचून इलाज नाही. त्या क्षणी प्रेरणा आहे का, मूड आहे का, हे कुणी विचारत नाही. दुकान दहाला उघडायचं आहे आणि दुकान वर आहे. पहिल्या रविवारी मी चढताना सात वेळा बसलो. मार्चमध्ये एकदा. निर्णय घ्यायचा तर तो काठावर, ताजेतवाने असताना घ्यायचा. आणि अशी जागा निवडायची की नंतर फेरविचाराला वाव नको. पाचला निघायचं म्हणून बूट रात्रीच दारात ठेवणं, महिन्याचे पैसे आधी भरणं, मित्राला 'मी चौकात थांबतो' म्हणणं, ही सगळी छोटी छोटी विवरंच आहेत.

वारीतही हेच पाहतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. परतीच्या वाटेवर ती लोणारलाही येते. ओळीत, टाळ एका ठेक्यात. इतकं अंतर काही आठवडे चालणाऱ्या त्या माणसांत साठीचे लोक असतात. त्यांच्यातला कुणी 'स्वतःला मोटिव्हेट कसं ठेवता' या प्रश्नाला काय उत्तर देईल कोण जाणे. ओळीत त्याची जागा आहे. जागा रिकामी राहिली तर शेजारच्याला दिसते. बाकीचं पाय बघून घेतात.

आता अण्णांची वही. बोट गेल्यावर ते महिनोन्महिने घरात होते आणि कंडक्टरला घरात बसवलं की तो कशाचा तरी हिशोब मागतो. जानेवारीत त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि आमचं वे-बिल सुरू केलं. तारीख, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, प्रवासी, शेरा. आम्ही परत आलो की ते ओसरीवर चष्मा लावून बसलेले. बहिणीला विचारायचे, "आठशेला किती?" ती म्हणायची, "मोठे बाबा, तीन बावीस." ते लिहायचे. शाबासकी नाही, रागावणं नाही. कंडक्टर प्रवाशाला का निघालास असं विचारत नाही.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, दोन दिवस गेलो नाही. मला वाटलं त्या रकान्यात फुली असेल. अण्णांनी लिहिलं होतं, 'फेरी रद्द. कारण पाऊस.' पुढे तिच्या पोटात दुखत होतं तेव्हा, 'फेरी रद्द. कारण प्रकृती.' एकदा तर, 'फेरी रद्द. कारण लग्न, मु. पो. बीबी.' मी विचारलं तर म्हणाले, "गाडी रद्द होत असते. पण उद्याची गाडी उद्याच्याच टायमाला सुटते. आजची रद्द झाली म्हणून कोणी रूट बंद करत नाही."

त्या अॅपच्या विझलेल्या ज्योतीला मला याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' हे सगळ्यांना लागू नाही. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. अण्णांनी तो अभ्यास वाचलेला नाही. त्यांनी पावसाळ्यातले रस्ते बघितलेत. रद्द फेरीची नोंद ठेवायची, कारण लिहायचं. कारण लिहावं लागलं की खोटं कारण आपोआप गळतं, कारण 'कंटाळा' हा शब्द स्वतःच्या अक्षरात नसला तरी वाचायला जड जातो.

जून २०२४ मध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या, ऐन पावसाच्या तोंडावर. तिला मैदानावर ५० पैकी ४१ पडले. लेखीत तीन गुणांनी यादी हुकली. ती दोन दिवस बोलली नाही. ऑगस्टमध्ये माझा रिपोर्ट आला, ५.८, वजन ७८. घरात माझ्या रिपोर्टचा आनंद कुणी मोठ्याने केला नाही आणि ते बरोबरच होतं. तिच्या पहाटेंवर माझी साखर उतरली होती.

खरी परीक्षा मात्र तिच्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू झाली होती. पाचला जाग आली आणि दिसत राहायला समोर कुणी नव्हतं. ज्यांनी कुठल्याही ध्येयासाठी मेहनत केलीय त्यांना ही सकाळ माहीत असेल. मॅरेथॉन संपल्यानंतरची, लग्नासाठी बारीक झालेल्या माणसाची लग्नानंतरची. ध्येय हे कारण असतं, आणि कारण संपलं की गाडी डेपोत जाते. मला पुरेल असं कारण शोधायचं तर ते संपणारं नको होतं.

ते दुकानातच सापडलं. अर्ज भरायला आलेल्या दोन पोरांनी विचारलं, "दादा, तुम्ही टायमिंग लावता म्हणे?" गावात पळणारे पुष्कळ, पण टोकाला उभं राहून खरा वेळ सांगणारं कुणी नाही. स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा वेळ लावला की माणूस दोन सेकंद स्वतःला देतोच. मी जाऊ लागलो. दोनाचे पाच झाले. सप्टेंबरात बहीणही परत आली, स्वतःहून, बूट नवे घेऊन. आता काकांची अट लागत नाही, पाच जण असतात. तरी ती सुटण्याआधी मागे वळून बघते.

एखाद्या भरतीत ही पोरं लागतील, जातील. दुसरी येतील. आपल्या तालुक्यात भरतीची पोरं संपणार नाहीत. त्यात आनंद किती आणि दुःख किती हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण माझं कारण त्यामुळे संपत नाही. तुमच्या गावात भरतीची पोरं नसतील. पण गुडघे दुखणारी आई असेल जिला एकटीला बागेत जायला संकोच वाटतो, रात्रपाळीचा मित्र असेल, पोहायला शिकायचं असलेलं शेजारचं पोर असेल. मला कोण उठवील हे शोधत बसण्यापेक्षा माझ्यावाचून कुणाचं अडतं हे बघणं मला जास्त उपयोगी पडलं.

वहीचं हे तिसरं वर्ष. गेल्या आठवड्यात रकाने आखायला पट्टी हवी म्हणून मी ती शेवटच्या पानाकडून उघडली. तिथे वेगळं वे-बिल होतं, महिनाभराचं, बारीक अक्षरात. 'घर ते गल्लीचं टोक. प्रवासी १.' मग 'घर ते पिठाची गिरणी.' मग तीन दिवस, 'फेरी रद्द. कारण पाय.' आणि चौथ्या दिवशी पुन्हा गिरणी, सहा चाळीस ते सात पाच. शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. मी पट्टी घेतली आणि पुढच्या पानावर त्यांच्यासाठीही रकाने आखून ठेवले.